ट्रॅक्टरचा पंप वाढवताना

दिवाळी सरली की कागल तालुक्यातले रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातात. कागलचा शाहू कारखाना, बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा, हमीदवाड्याचा मंडलिक, बेलेवाडी काळम्म्याचा घोरपडे. एकाच तालुक्यात इतकी धुराडी पेटल्यावर रस्त्याला उसंत कुठली! एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन भरलेल्या ट्रॉल्या चढाला लागतात, इंजिन कण्हू लागते आणि सायलेन्सरच्या नळीतून काळ्या धुराचा लोट उठतो. मागून मोटारसायकलवर येणारी बाई नाकाला पदर लावते. ट्रॅक्टरवर बसलेला गडी मात्र खुशीत असतो. विचारले तर अभिमानाने सांगतो, "पंप वाढवून घेतलाय."

हा 'वाढवलेला पंप' म्हणजे काय, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. डिझेल पंपावर जास्तीत जास्त डिझेलची मर्यादा ठरवणारा एक स्क्रू असतो. कारखान्यातून निघताना तो शिसे लावून मोहोरबंद केलेला असतो. मोहोर तोडायची, स्क्रू दोन आटे फिरवायचा, की इंजिनात जादा डिझेल जाऊ लागते. पुढची पायरी म्हणजे मोठे नोझल. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे बिनटर्बोच्या इंजिनाला बाहेरून टर्बो बसवणे, किंवा कंपनीने दिलेल्या टर्बोच्या जागी मोठा टर्बो घालणे. गळिताच्या आधी गॅरेजांतून ही कामे जोरात चालतात.

यात पणाला काय लागलेले असते ते घरच्या मंडळींनी समजून घेतले पाहिजे, कारण पंप वाढवण्याचा विचार ट्रॅक्टरचा मालक एकटाच करतो आणि त्याचे हप्ते सगळे घर फेडते. बँकेचे कर्ज, तोडणी टोळीला दिलेली उचल, वाहतुकीचा करार हे सारे त्या एका इंजिनावर उभे असते. जानेवारीत पिस्टन वितळला तर टोळी फडात बसून राहते आणि ऊस वाळत राहतो. म्हणून पंप वाढवू नका एवढेच सांगून आम्ही थांबणार नाही. सांगून कोण थांबतो? वाढवायचाच असेल तर हिशेब काय आणि बिघाड कसा ओळखावा, ते पाहू. थोडे गणित येईल, पण उसाच्या बिलातल्या कपातींइतके ते अवघड नाही.

एका थेंबाचा हिशेब

समजा आपला ट्रॅक्टर ५० अश्वशक्तीचा आहे. तीन सिलिंडर, प्रत्येक सुमारे एक लिटरचा, आणि पूर्ण ताकद मिनिटाला २१०० फेऱ्यांवर. चांगले डिझेल इंजिन एक अश्वशक्ती तासभर द्यायला साधारण १७५ ग्रॅम डिझेल खाते. म्हणजे पूर्ण ओढीवर तासाला पावणेनऊ किलो, लिटरात साडेदहा.

चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा डिझेलची पिचकारी उडते. म्हणजे एका सिलिंडरला मिनिटाला १०५०, तिघांना मिळून ३१५०, आणि तासाला १ लाख ८९ हजार पिचकाऱ्या. साडेदहा लिटरला या आकड्याने भागले की एका पिचकारीच्या वाट्याला सुमारे ५५ घनमिलिमीटर डिझेल येते. औषधाच्या ड्रॉपरमधून पडतो तेवढा एक थेंब! एवढ्या एका थेंबावर दोन ट्रॉल्या ऊस चढ चढतो, हे लक्षात आले की पंपाच्या स्क्रूला पाना लावताना हात जरा आखडेल.

आता हवा. एक किलो डिझेल पुरते जळायला हिशेबाने साडेचौदा किलो हवा लागते. पण पेट्रोल इंजिनात इंधन आधीच हवेत मिसळून येते, तसे डिझेलचे नाही. इथे तापलेल्या हवेत आयत्या वेळी फवारा उडतो आणि प्रत्येक कणाला आपली हवा शोधायची असते. म्हणून नुसती पुरेशी हवा पुरत नाही, जादा लागते. किलोला अठरा-वीस किलो हवा असेल तर धूर बेताचा राहतो. पंक्तीत वाढपी कमी असले की पानात भात आणि वरणाला उशीर, तशातली ही गत.

कागल परिसर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर. ३० अंश उष्म्याला इथली एक घनमीटर हवा सुमारे १.१ किलो भरते. एक लिटरचा सिलिंडर दर खेपेला पुरता भरत नाही, ८५ टक्के भरतो असे धरा. म्हणजे त्यात ९३० मिलिग्रॅम हवा आली. आपला ५५ घनमिलिमीटरचा थेंब वजनाला ४६ मिलिग्रॅम. ९३० ला ४६ ने भागा, प्रमाण विसास एक येते. कंपनीने मर्यादेचा स्क्रू त्या जागी मोहोरबंद केला त्यामागे हा हिशेब आहे.

आता मिस्त्री म्हणतो, "दादा, पासष्टची ओढ काढून देतो." पासष्ट अश्वशक्तीसाठी थेंब ७२ घनमिलिमीटरचा, म्हणजे ६० मिलिग्रॅमचा करावा लागेल. हवा तेवढीच, ९३०. प्रमाण साडेपंधरावर आले. याला जळायला जागाच उरली नाही. थोडी ओढ वाढते हे खरे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण वाढलेल्या डिझेलचा बराचसा भाग काजळी होऊन नळीतून जातो, आणि जो उशिरा जळतो तो पिस्टन आणि व्हॉल्व्ह तापवतो. समजा यात तासाला एकच लिटर वाया गेले. दिवसाचे आठ तास आणि हंगामाचे १२० दिवस धरले, तर ९६० लिटर होतात. तेवढे डिझेल आपण धूर करण्यासाठी विकत घेतले.

टर्बो काय देतो

स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या युक्तीचे पेटंट घेतले. सायलेन्सरकडे फुकट चाललेल्या गरम वायूने एक चाक फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने हवा दाबून इंजिनात भरायची. हे चाक मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारू शकते आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगते.

वरच्याच इंजिनाला अर्धा किलो दाब देणारा टर्बो लावला असे धरू. आपल्या उंचीवर हा दाब मूळच्या दीडपट झाला. मग हवाही दीडपट आली का? नाही. दाबताना हवा तापते, सायकलचा पंप मारताना तळाशी हात लावून पाहा. ३० अंशाची हवा ९० अंशांपर्यंत जाते आणि तापलेली हवा विरळ असते. हिशेबाने हवा दीडपट होत नाही, जेमतेम सव्वापटीच्या वर जाते, म्हणजे ९३० ची ११९० मिलिग्रॅम. त्यात ६० मिलिग्रॅमचा थेंब घातला तर प्रमाण पुन्हा विसाच्या जवळ आले. म्हणजे टर्बो जोडून पासष्टची ओढ काढणे हवेच्या हिशेबात बसते. मधे इंटरकूलर असेल तर हवा थंड होऊन आणखी मावते.

पण बिनटर्बोच्या इंजिनाचे पिस्टन, हेड गॅस्केट, बेअरिंग आणि रेडिएटर पन्नासच्या बेताने घडवलेले असतात. कंपनी जेव्हा टर्बोचे इंजिन काढते तेव्हा बहुधा पिस्टनखाली तेलाची धार सोडते, कॉम्प्रेशनचे प्रमाण बदलते, पाण्याचा पंप मोठा करते. गॅरेजात यातले काहीच होत नाही. हवेचे गणित सुटले तरी लोखंडाचे राहते. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळते आणि पिस्टनची मिश्रधातू त्याही आधी मऊ पडू लागते. टर्बोच्या तोंडाशी वायू ७०० अंशांवर बराच वेळ राहिला तर दिवस भरले समजा. बाहेरून टर्बो बसवणाऱ्याने निदान वायूचे तापमान दाखवणारा काटा आणि दाबाचा काटा हे दोन्ही डॅशबोर्डवर लावूनच घ्यावेत. हे दोन काटे नसताना जादा डिझेल सोडणे म्हणजे झाकण न उघडता दूध तापवणे.

आणखी एक अडचण. टर्बो लगेच जागा होत नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर डिझेल तत्काळ वाढते, हवा मात्र मागून येते. चांगल्या पंपावर यासाठी एक पडद्याची डबी असते. टर्बोचा दाब येईपर्यंत ती जादा डिझेल अडवून धरते. पुष्कळ मिस्त्री ती डबी काढूनच टाकतात, कारण मग ट्रॅक्टर 'लवकर उचलतो'. चौकात सुटताना जो काळा भपका निघतो तो बहुधा या उपद्व्यापाचा.

नोझल मोठे म्हणजे डिझेल जास्त?

इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. पेट्रोलच्या आजच्या इंजिनात आणि कॉमन रेलच्या नव्या डिझेल इंजिनात इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो आणि त्याचे भोक केवढे, यावर इंधन ठरते. तिथे मोठा इंजेक्टर म्हणजे जादा इंधन हे बरोबर. पण आपल्या जुन्या धाटणीच्या ट्रॅक्टरात थेंब मोजण्याचे काम पंपाचे एलिमेंट करते. पंपाने ५५ घनमिलिमीटर ढकलले तर नोझल लहान असो की मोठे, ५५ च बाहेर पडणार. नोझल ठरवते ते एवढेच, की तो थेंब किती वेळात आणि किती बारीक होऊन उडेल.

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये पहिले यशस्वी इंजिन चालवले तेव्हा इंधन फवारायला दाबलेली हवा वापरली होती आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर जुंपावा लागे. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून १९२७ पासून छोटे, नेमके पंप मोठ्या संख्येने निघू लागले आणि डिझेल इंजिन चाकांवर चढले. बॉश कंपनीच्या सहकार्याने १९५१ साली बेंगळुरात 'मायको' उभी राहिली. कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले, नोझलचा कारखाना नाशकात आहे, तरी आपल्या खेड्यांत अजून पंप म्हटला की 'मायको'च.

आता भोकाचे माप. २१०० फेऱ्यांवर क्रँक सेकंदाला १२,६०० अंश फिरतो. पिचकारी २५ अंशांत संपवायची तर वेळ मिळतो सेकंदाचा पाचशेवा भाग. तेवढ्यात ५५ घनमिलिमीटर डिझेल सरासरी ३०० किलो दाबाने सोडायला चार भोकांचे नोझल धरले तर एकेक भोक सुमारे ०.२२ मिलिमीटरचे लागते. केसाहून दुप्पट-तिप्पट जाड, बस्स. थेंब ७२ चा केला आणि नोझल जुनेच ठेवले तर पिचकारी लांबते, शेवटचे डिझेल पिस्टन खाली निघाल्यावर पडते, उशिरा जळते आणि नळी लाल होते. थेंब तीस टक्क्यांनी वाढला म्हणजे भोकांचे क्षेत्रफळ तीस टक्के वाढायला हवे. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात वाढते, म्हणून व्यास फक्त चौदा टक्के वाढवायचा, ०.२२ चा ०.२५. कुणी हौसेने ०.३० चे नोझल आणून घातले तर क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होते. मग दाब उठत नाही, फवारा ढोबळ होतो, मोठे कण लायनरच्या भिंतीवर आपटून तेलात उतरतात. डिपस्टिकवर तेलाची पातळी आपोआप चढलेली दिसली आणि तेलाला डिझेलचा वास आला, तर आनंद मानू नका. ते तेल क्रँकचे बेअरिंग खाणार आहे.

भोकांची संख्या आणि फवाऱ्याचा कोनही त्या पिस्टनच्या वाटीला जुळलेला असतो. दुसऱ्या इंजिनाचे नोझल आट्याला बसले म्हणून कामाला बसत नाही. काही मिस्त्री सुईने भोक 'साफ' करताना तेच मोठे करून ठेवतात. त्यांना हात जोडावेत.

बिघाड कुठे आहे?

इंजिन बदललेले असले की प्रत्येक जण आधी पंपाकडे बोट दाखवतो. आमच्या मते पंप सर्वांत शेवटी उघडावा.

आधी धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त किंवा फवारा बिघडलेला. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. टायमिंग मागे पडले, कॉम्प्रेशन गेले किंवा डिझेलात पाणी आले. निळसर धूर इंजिन ऑइलचा. तो टर्बोच्या गाडीत लायनर-रिंगांमुळे जसा येतो तसाच टर्बोचे सील गेल्यानेही येतो. टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप सोडून पाहावा, आत तेलाचे थारोळे असेल तर संशय टर्बोवर.

चढाला काळा धूर येतो आणि ओढ कमी झाली, तर दाबाच्या काट्याकडे पाहा. काटा पूर्वीपेक्षा खाली असेल तर हवा कुठेतरी अडली किंवा गळते आहे. एअर फिल्टर पाचटाच्या धुरळ्याने भरला, रबरी पाइपची क्लिप सैल झाली, पाइप आतून फुगला, यांतले एक सापडतेच. पाइपच्या सांध्यांवर साबणाचे पाणी टाकले की गळतीच्या जागी बुडबुडे येतात. काटा पूर्वीइतकाच असून धूर वाढला असेल तर मात्र नोझल काढायला हरकत नाही.

धूर मुळीच नाही, आणि ओढही नाही? मग डिझेलच पोचत नाही. पंप वाढवताना हे हटकून विसरले जाते की तासाला साडेदहाच्या जागी पावणेचौदा लिटर डिझेल त्याच फिल्टरमधून आणि त्याच फीड पंपातून यायचे आहे. ट्रॅक्टर पहिला अर्धा किलोमीटर झकास ओढतो आणि मग खाली बसतो, अशी तक्रार असेल तर टाकीचे झाकण सैल करून पाहा. ओढ परत आली तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे. दोन मिनिटांचे काम, पण त्यापायी अख्खा पंप खोललेले लोक या तालुक्यात कमी नसतील. तसे नसेल तर परतीच्या नळीत पारदर्शक पाइपचा तुकडा जोडा. बुडबुडे दिसले की कुठूनतरी हवा ओढली जात आहे.

इंजिन हुकत असेल तर मंद फेऱ्यांवर एकेका सिलिंडरच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करावा. इंजिन अडखळले तर तो सिलिंडर काम करतो आहे. काहीच फरक पडला नाही तर चोर तोच. तिथला इंजेक्टर, काही मिस्त्री त्याला ॲटोमायझर म्हणतात, शेजाऱ्याशी अदलाबदल करावा. बिघाड इंजेक्टरबरोबर सरकला तर नोझल, जागीच राहिला तर पंपाचे एलिमेंट किंवा कॉम्प्रेशन. रोटरी पंपात सर्व सिलिंडरांना एकच जोडी डिझेल पुरवते, म्हणून तिथे एखादाच सिलिंडर बिघडला तर बहुधा नोझलच. कॉमन रेलच्या इंजिनाला मात्र हा नट कदापि हात लावू नये, तिथे दाब दीड हजार किलोच्या पलीकडे असतो.

एक ताकीद घरातल्या प्रत्येकाने ऐकून ठेवावी. नोझल टेस्टरवर फवारा पाहताना त्यापुढे बोट धरायचे नाही. दोनशे किलो दाबाचे डिझेल कातडीतून आत घुसते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट काळे पडून कापायची पाळी येते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नये. त्याच क्षणी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे आणि 'दाबाचे डिझेल आत गेले आहे' असे स्पष्ट सांगावे.

इंजिन तगले तरी

ओढ वाढली म्हणून ब्रेक वाढत नाहीत. पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे ब्रेक, मागचा एक्सल आणि हूक तेच राहतात, आणि उतारावर मागच्या दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलत असतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत फरक करण्यावर बंधने आहेत. अपघात झाल्यावर विमा कंपनी हा मुद्दा काढू शकते, आणि कंपनीची वॉरंटी मोहोर तुटताच गेली. पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले आहेत. त्यातले पुष्कळसे कॉमन रेलचे आहेत, त्यात स्क्रूच नाही. तिथे प्रत्येक इंजेक्टरचा सांकेतिक आकडा इंजिनाच्या संगणकाला सांगावा लागतो. गंमत अशी की कागलच्याच पंचतारांकित वसाहतीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आहे, तिथे इंजिने मोजमापाच्या टेबलावर जोखून बाहेर पडतात. आणि कोसभर अंतरावर आपण तेच काम कानाने आवाज ऐकून करतो.

ज्याने पंप आधीच वाढवला आहे त्याने तो कॅलिब्रेशनच्या टेबलावर न्यावा. टेबलावर हजार धक्क्यांना किती डिझेल येते ते काचेच्या नळ्यांत मोजतात. आपल्या उदाहरणातल्या मूळ पंपाचे प्रत्येक नळीत साडेपंचावन्न घनसेंटिमीटर यायला हवे, आणि नळ्यांत दोन-तीनपेक्षा जास्त फरक नको. इंजेक्टरही टेस्टरवर लावून घ्यावेत. ठरलेल्या दाबाला उघडतात का, फवारा सर्व भोकांतून सारखा धुक्यासारखा येतो का, आणि उघडण्याच्या दाबाच्या थोडे खाली दहा सेकंद धरले तर टोक कोरडे राहते का, हे तिन्ही समोर उभे राहून पाहावे. मग पावतीवर चार गोष्टी लिहून घ्याव्यात. नोझलचा नंबर, उघडण्याचा दाब, प्रत्येक सिलिंडरचे हजार धक्क्यांचे डिझेल आणि टायमिंग किती अंशांवर ठेवले ते. ती पावती ट्रॅक्टरच्या आरसी बुकात ठेवावी, आणि पुढच्या गळिताच्या आधी मिस्त्रीने पाना हातात घेतला की आधी ती त्याच्यापुढे धरावी.